पेटारा, मानस आणि छोट्या यंत्रांची भाषा

(पेडणे येथे शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संस्कारित मजकूर)



‘मराठी आणि तंत्रज्ञान’ हा विषय निघाला की आपली चर्चा टंक, युनिकोड, मोबाइलवरचा कळफलक आणि अलीकडे यांत्रिक भाषांतर एवढ्यात फिरत राहते. या सगळ्या पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टी आहेत. आज मला बोलायचे आहे ते पडद्यामागच्या एका कामाविषयी. ज्या यंत्रांना पडदा नसतो, कळफलक नसतो, अशा छोट्या यंत्रांसाठी कार्यक्रम लिहिण्याची हत्यारे गोळा करून, नीट जुळवून, दुसऱ्याच्या हाती देण्याचे हे काम. त्याला क्रॉस-कंपायलर टूलचेनचे पॅकेजिंग म्हणतात. मी मराठी साहित्य शिकवते. या विषयाकडे मी ओढले गेले ते यात भाषांतर आहे, संहिता आहे, पाठभेद आहेत आणि परिभाषेचा प्रश्न आहे म्हणून. म्हणजे सगळे आपलेच प्रश्न आहेत, फक्त वेगळ्या कपड्यांत आलेले.

आधी ही छोटी यंत्रे कुठे आहेत ते पाहू. कपडे धुण्याच्या यंत्रात, दुकानातल्या वजनकाट्यात, विजेच्या मीटरमध्ये, शेतातल्या पंपाच्या पेटीत, दुचाकीत, रुग्णालयातल्या उपकरणांत. प्रत्येकात नखाएवढी एक चकती असते, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. शाळांतून सर्रास वापरला जाणारा आर्डुइनो उनो हा बोर्ड घ्या. त्यावरच्या चकतीचे नाव एटीमेगा ३२८पी. कार्यक्रम साठवायला जागा ३२ किलोबाइट आणि काम करताना लागणारी स्मृती फक्त २ किलोबाइट. मोबाइलने काढलेल्या एका साध्या छायाचित्रालाही याच्या कितीतरी पट जागा लागते. तरी एवढ्या जागेत पाण्याची पातळी मोजणे, पंप चालू-बंद करणे, धोका दिसला की भोंगा वाजवणे ही कामे बिनबोभाट होतात.

आपल्या तालुक्यांशी याचा संबंध दूरचा नाही. पेडण्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनासाठी स्वतंत्र औद्योगिक समूह उभारण्याची योजना आहे. ‘केअर्स’ योजनेतून गोव्याच्या शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांपर्यंत कोडिंग आणि रोबोटिक्स पोचले आहे. साखळीत वाळवंटीचे पाणी चढते तेव्हा नदीची पातळी वेळेवर कळणे किती मोलाचे असते, हे डिचोलीकरांना सांगायला नको. म्हणजे यंत्र दारात आले आहे, गरजही दारात आहे. मधला दुवा आपल्या हाती आहे का, एवढाच प्रश्न आहे.

या यंत्रांत जो कार्यक्रम चालतो त्याला इंग्रजीत ‘बेअर मेटल’ म्हणतात, म्हणजे उघड्या धातूवर चालणारा. आपल्या संगणकावर विंडोज किंवा लिनक्स नावाची कार्यप्रणाली असते. ती घरातल्या कर्त्या माणसासारखी सगळ्यांच्या मागण्या ऐकते, जागा वाटून देते, कोणी चुकले तर आवरते. मायक्रोकंट्रोलरमध्ये असे कर्ते माणूस नसते. वीज आली की पहिल्या आज्ञेपासून कार्यक्रम स्वतःच सुरू होतो आणि वीज जाईपर्यंत तेच चक्र फिरवत राहतो.

कोरगावच्या खाजन शेतीत मानस पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. भरती चढू लागली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते. तिथे कोणी मुकादम उभा नसतो. पाण्याचा दाब हीच माहिती आणि दाराची हालचाल हाच निर्णय. ज्याने मानस बांधली त्याने सगळा विचार आधीच करून लाकडात बसवून ठेवला. बेअर मेटल कार्यक्रम म्हणजे चकतीत बसवलेली मानस.

आता भाषांतराकडे येऊ. माणूस कार्यक्रम लिहितो तो सी सारख्या भाषेत. तिच्यात शब्द असतात, वाक्यरचना असते, विरामचिन्हेही असतात. चकतीला मात्र फक्त तिच्या घडणीत ठरवून दिलेले अंक कळतात. या दोहोंमध्ये भाषांतर करणारा कार्यक्रम म्हणजे कंपायलर. सामान्यतः संगणकावरचा कंपायलर त्याच संगणकाच्या भाषेत भाषांतर करतो. पण दोन किलोबाइट स्मृतीच्या चकतीत कंपायलर मावणार कसा? म्हणून भाषांतर मोठ्या संगणकावर करायचे आणि तयार झालेला मजकूर तारेने चकतीत उतरवायचा. एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा तो क्रॉस-कंपायलर.

यात तीन घरे सांभाळावी लागतात. कंपायलर जिथे घडवला ते एक, तो जिथे बसून काम करणार ते दुसरे, आणि ज्याच्यासाठी भाषांतर करणार ते तिसरे. ही तिन्ही घरे वेगवेगळी असली तर त्या प्रकाराला ‘कॅनेडियन क्रॉस’ असे गमतीदार नाव आहे. कॅनडात त्या काळी तीन राष्ट्रीय पक्ष होते, म्हणून म्हणे. अशा कंपायलरचे नावही वाचण्यासारखे असते. आर्म जातीच्या चकत्यांसाठी असलेल्या हत्यारांचे नाव ‘आर्म-नन-ईएबीआय’. पहिला शब्द चकतीचा, शेवटचा कार्यक्रमाच्या भागांनी एकमेकांशी कसे बोलावे त्या कराराचा. आणि मधल्या जागी ‘नन’, म्हणजे घरात कोणी नाही. बेअर मेटलची सगळी अडचण या एका शब्दात आहे. साध्या संगणकावर ‘हे वाक्य छाप’ म्हटले की कार्यप्रणाली ते पडद्यावर नेते. इथे छापायचे कुठे? विचारायला कोणी नाही. म्हणून ‘लिहायचे झाले तर इथे लिही’, ‘जागा लागली तर इथून घे’ अशी छोटी उत्तरे कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच आधी पुरवून ठेवावी लागतात.

इथे परिभाषेबद्दल दोन शब्द. कंपायलरला आपल्याकडे ‘संकलक’ म्हटलेले आढळते. पहिल्यांदा ऐकताना हा शब्द चुकीचा वाटतो. संकलक म्हणजे गोळा करणारा, आणि हा तर भाषांतर करतो. पण १९५२च्या सुमारास ग्रेस हॉपर यांनी ‘ए-०’ नावाची जी प्रणाली तयार केली आणि जिच्यामुळे कंपायलर हा शब्द रुळला, ती आधी लिहून ठेवलेले छोटे कार्यक्रम गोळा करून जोडण्याचेच काम करत होती. काम पुढे बदलले, नाव तेच राहिले. म्हणजे ‘संकलक’ हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाच्या इतिहासाशी प्रामाणिक आहे, आजच्या कामाशी नाही. विद्यार्थ्याला शब्दाने काम कळले पाहिजे असे मानले, तर ‘भाषांतरक’ किंवा सरळ ‘कंपायलर’ बरा. परिभाषा करताना शब्दाचा शब्द शोधण्याआधी ती वस्तू काय करते ते पाहावे, एवढाच यातला धडा.

कंपायलर एकटा पुरत नाही, म्हणून ‘टूलचेन’, म्हणजे हत्यारांची साखळी. कंपायलर सी भाषेतून त्या चकतीच्या सांकेतिक आज्ञांत उतरवतो. असेंब्लर त्या आज्ञांचे अंक करतो. लिंकर वेगवेगळे तुकडे सांधतो आणि कोणता तुकडा स्मृतीत कुठल्या पत्त्यावर बसेल ते ठरवतो. नेहमी लागणाऱ्या कामांचे ग्रंथालय लागते. आर्म चकत्यांसाठी ते बहुधा ‘न्यूलिब’ असते, एव्हीआर चकत्यांसाठी ‘एव्हीआर-लिबसी’. शिवाय चूक शोधायला डीबगर आणि मजकूर चकतीत उतरवायला आणखी एक कार्यक्रम. यातला मुख्य कंपायलर म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवला आणि आजही तो जगभरची माणसे मिळून वाढवतात.

ही साखळी घडवण्याचा क्रम मजेशीर आहे. आधी असेंब्लर आणि लिंकर घडवायचे. मग ग्रंथालयाशिवायचा एक अर्धा कंपायलर. त्या अर्ध्या कंपायलरने ग्रंथालय भाषांतरित करायचे. मग ते ग्रंथालय हाताशी घेऊन पूर्ण कंपायलर पुन्हा घडवायचा. आणि पहिला अर्धा कंपायलर कशाने घडवायचा? आधीच्या कुठल्यातरी कंपायलरने. दही लावायला दह्याचेच विरजण लागते, तसे. घरोघरचे विरजण मागे मागे नेत गेलो तर ते कुठून आले हे जसे सांगता येत नाही, तसेच इथेही आहे. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात यातला धोका दाखवून दिला. कंपायलरमध्येच कोणी खोट घातली, तर ती पुढच्या प्रत्येक कंपायलरमध्ये उतरत जाईल आणि मूळ संहिता कितीही वाचली तरी ती दिसणार नाही. विरजण बिघडले तर दूध कितीही चांगले असून उपयोग नाही.

तर हे सगळे गोळा करून, एकमेकांशी जुळतील अशा आवृत्त्या निवडून, कुठल्याही संगणकावर एका आज्ञेत बसवता येईल असे गाठोडे बांधणे म्हणजे पॅकेजिंग. मला यासाठी पेडण्यातलाच शब्द सुचतो, पेटारा. दशावतारी मंडळी जत्रेला येतात तेव्हा गावाकडून त्यांना मोकळी जागा आणि प्रेक्षक यांपलीकडे फारसे काही लागत नाही. मुकुट, आयुधे, गणपतीचे सोंग, रंग, सगळे पेटाऱ्यात. ज्या गावात जातील तिथे तेच नाटक तसेच उभे राहते, कारण गावाकडे काय असेल आणि काय नसेल यावर त्यांनी नाटक सोपवलेले नसते. म्हणूनच पेटाऱ्याला मान. चांगले पॅकेज असेच असते. आर्मच्या पेटाऱ्याला तर ग्रंथालयाच्या डझनावारी प्रती बाळगाव्या लागतात. एका चकतीत अपूर्णांकांचे गणित करणारा भाग असतो, दुसरीत नसतो, तिसरीला जास्त आज्ञा कळतात. राजाचा मुकुट एकच ठेवून भागत नाही, प्रत्येक डोक्याच्या मापाचा लागतो.

पेटारा बांधणाऱ्याचे काम किती मोलाचे, याचे उत्तम उदाहरण आर्डुइनो आहे. इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका संस्थेत २००५ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा त्यातली चकती नवी नव्हती. नॉर्वेतल्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून आलेली ती एव्हीआर जातीची चकती १९९६ पासून बाजारात होती. कंपायलरही जीसीसीच होता. नवे होते ते हे सगळे एका पेटाऱ्यात बांधणे, सोप्या ग्रंथालयाची जोड देणे आणि एक बटण दाबले की भाषांतर होऊन मजकूर चकतीत उतरेल अशी सोय करणे. जे काम पूर्वी अभियंते करत, ते कलाशाखेचे विद्यार्थी आणि नंतर शाळकरी मुले करू लागली. शोध कोणी लावला हे आपण लक्षात ठेवतो, शोध घरापर्यंत कोणी आणून दिला हे विसरतो.

आपल्या देशातले उदाहरणही सांगते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ नावाने स्वतःचे प्रोसेसर तयार केले आहेत. त्यातला ‘थेजस३२’ हा मायक्रोकंट्रोलर, आणि त्यावर आधारलेले ‘एरीज’ बोर्ड आर्डुइनोच्या पद्धतीने वापरता येतात. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ हा दुसरा प्रकल्प. दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत. जीसीसीच्या सातव्या आवृत्तीत, २०१७ मध्ये, या आज्ञासंचाला स्थान मिळाले म्हणून या चकत्यांचा रस्ता सोपा झाला. कंपायलर नसेल तर चकती म्हणजे नुसता खडा.

पॅकेज बांधणाऱ्याची शिस्त पाहिली की मला आपली पाठचिकित्सा आठवते. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण हातोहात उतरवलेल्या प्रतींत पाठभेद शिरले होते. डेबियन हा लिनक्सचा लोकवर्गणीसारखा उभा राहिलेला संच आहे. त्याच्या पॅकेजांत मूळ संहिता जशी आली तशी वेगळी ठेवतात आणि आपण केलेली प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र पुरवणीत ठेवतात. कोणी, काय, का बदलले हे नोंदवतात. प्रत्येक धारिकेचा मालक आणि परवाना लिहितात. २०१३ पासून तिथे आणखी एक कसोटी चालू आहे. तीच संहिता दोन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या दिवशी भाषांतरित केली, तरी निघणारा मजकूर शेवटच्या बिटापर्यंत सारखा आला पाहिजे. विरजणातली खोट पकडण्याचा हा एक मार्ग. संपादनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी असे पॅकेज उघडून पाहावे. संपादकाने स्वतः मागे राहून संहितेशी इमान राखण्याची रीत तिथे नेमाने पाळली जाते.

आता या व्याख्यानाच्या गाभ्याकडे येते. या पेटाऱ्यात मराठी कुठे आहे?

गोव्याच्या भूमीला हा प्रश्न जुना आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, पण लिपी रोमन. देवनागरीचे खिळे पाडणे जमले नव्हते, म्हणून मराठी पुराणाला परका वेश घ्यावा लागला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापले गेले ते १८०५ मध्ये. मध्ये १८९ वर्षे गेली. भाषा तयार होती, कवी तयार होता, छापखाना तयार होता. खिळे नव्हते. साधन कोणाच्या लिपीसाठी घडवले आहे, यावर भाषेचे भवितव्य किती अवलंबून असते ते यात दिसते.

आज शाळेच्या रोबोटिक्सच्या पेटीत सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारा एक स्वस्त पडदा असतो. त्यामागच्या चकतीच्या मूळ रचनेत रोमन अक्षरे आहेत, जपानी काताकाना आहे, देवनागरी नाही. स्वतःची म्हणून फक्त आठ अक्षरे बनवता येतात, पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. त्यात ‘ण’ कसाबसा बसतो. पण वर वेलांटी आणि खाली उकार द्यायला जागा उरत नाही. शिवाय दोन घरांमध्ये फट असते, त्यामुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. ‘पाणी’ हा शब्द आपल्या लिपीचे डोके कापून लिहावा लागतो, नाहीतर रोमनमध्ये. चारशे वर्षांनी पुन्हा तोच पेच.

यातून वाट आहे, आणि ती क्रॉस-कंपायलरनेच दाखवली आहे. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचे छोटे पडदे आता सहज मिळतात. त्याचे एक चित्र साठवायला १०२४ बाइट लागतात, म्हणजे उनोची अर्धी स्मृती. जोडाक्षरे जुळवणारा, वेलांटी योग्य जागी नेणारा मोठा कार्यक्रम त्या चकतीत मावणार नाही. पण तो मावायची गरजच काय? जोडाक्षरे मोठ्या संगणकावर जुळवावीत, तयार शब्दांची ठिपक्यांची चित्रे करावीत आणि चकतीच्या ३२ किलोबाइटांत फक्त ती चित्रे उतरवावीत. ‘पाणी वाढले’, ‘पंप बंद’, ‘दार उघडा’ अशा पन्नासेक संदेशांना फार जागा लागत नाही. अवघड काम मोठ्या घरी, निकाल छोट्या घरी. ही सोय पेटाऱ्यात आधीच बांधलेली असेल तर सहावीतली मुलगीही आपल्या यंत्राला मराठीत बोलवील.

आपल्याकडे अशा कामाची परंपरा आहे. संगणकांना भारतीय लिप्या येत नव्हत्या तेव्हा आयआयटी कानपूर आणि मग सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ कार्ड तयार केले. संगणकात ते बसवले की देवनागरी दिसू लागे. इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरच बेतलेली आहे. खिळे पाडणारी माणसे आपल्यातही होती.

दुसरी बाब नावांची. २०२० मध्ये आलेल्या जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीपासून कार्यक्रमातली नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. ‘पातळी’ नावाची राशी ठेवा, कंपायलर ती बिनतक्रार स्वीकारतो, आणि चकतीत उतरताना नाव गळून पडत असल्याने जागाही वाढत नाही. पण इथे मराठीचा एक खास खाचखळगा आहे. ‘वाऱ्याचा’ या शब्दातला अर्धा र, आपण त्याला पापणीसारखा र म्हणतो, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात. कंपायलरच्या लेखी मात्र ही दोन वेगळी नावे. एका मुलाने एका कळफलकावर नाव लिहिले, दुसऱ्याने दुसऱ्या, तर कार्यक्रम जुळणार नाही, आणि दोघेही तासभर डोळे फाडून पाहतील तरी फरक दिसणार नाही. हिंदीला हा र लागत नाही, इंग्रजीला तर नाहीच. म्हणून हा प्रश्न आपल्याखेरीज कोणी सोडवणार नाही. प्रमाणलेखनाचा नियम करणाऱ्यांनी अक्षर कसे दिसावे यासोबत ते कसे साठवावे हेही सांगायची वेळ आली आहे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी बाब, चुकीच्या संदेशांची. कार्यक्रम चुकला की कंपायलर वाक्यांत सांगतो. शिकणाऱ्या मुलाचा यंत्राशी होणारा खरा संवाद हाच. जीसीसीचे हे संदेश फिनिश, डॅनिश, स्वीडिश, सर्बियन, व्हिएतनामी अशा भाषांत उतरले आहेत. डॅनिश बोलणारे लोक साधारण साठ लाख. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. त्या यादीत मराठी नाही. आपल्याला कोणी अडवले नाही. आपण गेलोच नाही.

हे भाषांतर साधे नाही, आणि म्हणूनच ते भाषेच्या माणसांचे काम आहे. एक नमुना घ्या. ‘अमुक सापडले नाही’ असा संदेश असतो, आणि ‘अमुक’च्या जागी कंपायलर ऐनवेळी एखादे नाव घालतो. इंग्रजीत काही बिघडत नाही. मराठीत ते नाव पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, सापडला म्हणायचे की सापडली? त्याला ‘ला’ किंवा ‘चा’ जोडायचा तर सामान्यरूप कसे करणार? पण ‘अमुक हे नाव सापडले नाही’ अशी रचना केली की लिंगही सुटते आणि विभक्तीही, कारण दोन्ही भार ‘नाव’ या शब्दावर जातात. किंवा लिंकरचा तो प्रसिद्ध संदेश, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. शब्दशः ‘अव्याख्यात संदर्भ’ म्हटले तर मूल पुढचे पान उलटेल. ‘या नावाचा उल्लेख आहे, पण ते कुठेच लिहिलेले नाही’ म्हटले की चूक कुठे शोधायची तेही कळते. ‘महिरपी कंसाआधी अर्धविराम हवा होता’ हे वाक्य तर व्याकरणाच्या तासाचेच आहे. आपण शिकवलेला अर्धविराम इतका निर्णायक असतो हे मुलांना तिथे पहिल्यांदा पटेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पुढे नोकरी इंग्रजीतच करायची, तर सुरुवातीला मराठीचा घाट कशाला? माझे उत्तर असे. आपल्या तालुक्यांतली किती तरी मुले चौथीपर्यंत मराठी प्राथमिक शाळेत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. सहावीत त्यांच्या हाती हे यंत्र येते. त्या वयात दोन अनोळखी गोष्टी एकदम येतात, यंत्राचा तर्क आणि इंग्रजी वाक्य. चूक झाली की ती तर्काची होती की वाक्य न कळल्याची, हे मुलाला कळत नाही, आणि ‘मला हे जमणार नाही’ असा निष्कर्ष ते काढते. मराठी संदेश दोन वर्षे सोबत राहिला, तर तर्क पक्का होतो. मग इंग्रजी संदेश कोणते काम सांगतो हे त्याला आधीच माहीत असते. मराठी इथे इंग्रजीची जागा घ्यायला येत नाही, मुलाला दारातून आत आणायला येते. आणि कोकणीसाठीही हे सगळे शब्दशः लागू आहे. दोन्ही भाषांची माणसे एकत्र बसली तर निम्मे काम वाचेल.

शेवटी काय करता येईल ते सांगते. ही सारी हत्यारे खुल्या परवान्यांची आहेत. त्यांची प्रत करायला, त्यांत भर घालायला आणि ती वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. जीसीसीच्या परवान्याची एक महत्त्वाची अट अशी की वाटणाऱ्याने मूळ संहिताही उपलब्ध ठेवावी. म्हणून अकादमीने, महाविद्यालयांच्या संगणक आणि मराठी विभागांनी मिळून चार गोष्टी हाती घ्याव्यात. एक, शाळेत इंटरनेट नसले तरी पेनड्राइव्हवरून बसेल असा पेटारा: कंपायलर, ग्रंथालय, मजकूर उतरवायचा कार्यक्रम, मराठी संदेशचित्रांची सोय. दोन, शिकणाऱ्याला सर्वांत जास्त भेटणाऱ्या दोनेकशे चूकसंदेशांचे भाषांतर, प्रत्यक्ष मुलांना वाचायला देऊन तपासलेले. तीन, पानभर परिभाषा, जिच्यात प्रत्येक शब्दासमोर ती वस्तू काय करते ते लिहिलेले असेल. चार, पापणीच्या र साठी एकच संकेत, आणि तो न पाळला तर इशारा देणारा छोटा कार्यक्रम. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत यातले बरेचसे बसते. मराठीचा विद्यार्थी भाषांतर करील, संगणकाचा विद्यार्थी पॅकेज बांधील, शाळेचा शिक्षक वापरून पाहील आणि कुठे अडते ते कळवील. शेवटचा दुवा सर्वांत महत्त्वाचा. पेटारा एकदा बांधून ठेवायची वस्तू नाही. मुकुटाचा बेगड निघतो, तो दर हंगामाला चिकटवावा लागतो. चकत्या बदलतात, कंपायलरच्या आवृत्त्या बदलतात, म्हणून दर वर्षी पेटारा उघडून पाहणारे कोणीतरी हवे. अकादमीसारखी टिकून राहणारी संस्था यासाठीच लागते.

क्रिस्तपुराणाला देवनागरी खिळे मिळाले नाहीत, याला त्या काळाची मर्यादा म्हणता येते. आज खिळे पाडण्याची हत्यारे फुकट, उघडी आणि आपल्या संगणकावर आहेत. ती उचलायची की नाही, एवढेच ठरवायचे आहे.